मुळाचे विश्वस्त

इंटरनेटवरच्या सगळ्या नावांच्या मुळाशी एक यादी आहे. तिला रूट झोन म्हणतात. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट इन’, देवनागरीतले ‘डॉट भारत’ अशा चौदाशेहून अधिक शेवटच्या पदांची नोंद तिच्यात असते आणि प्रत्येक पदापुढे ते सांभाळणाऱ्या सर्व्हरांचे पत्ते असतात. संकेतस्थळ उघडताना किंवा ईमेल पाठवताना नावाचा शोध पायरीपायरीने घेतला जातो. त्या शोधाची पहिली पायरी, प्रत्यक्ष विचारणेने किंवा आधी साठवलेल्या उत्तराने, हीच यादी असते. आकाराने ती जेमतेम दोन-अडीच मेगाबाइटांची आहे. तेरा नावांच्या रूट सर्व्हरांवरून ती जगाला पुरवली जाते आणि त्या सर्व्हरांना ए ते एम अशी इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. चालवणाऱ्या संस्था मात्र बारा, कारण व्हेरिसाइन ही कंपनी दोन सर्व्हर चालवते. उरलेल्यांत नासा आहे, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आहे, मेरीलँड विद्यापीठ आहे, स्वीडनची नेटनॉड, जपानचा वाइड प्रकल्प आणि ॲमस्टरडॅमची राइप एनसीसी आहे. अक्षरशः बारा गावचे बारा. प्रत्येक अक्षरामागे जगभर विखुरलेल्या प्रती आहेत. त्यांची एकूण संख्या दीड हजारांच्या वर जाते आणि त्यांतल्या काही मुंबईत आहेत.

ही यादी पाळावी असा हुकूम कोणी दिला आहे? उत्तर असे की कोणीच नाही. अमुक सर्व्हरांनाच विचारा, असे कोणताही आंतरराष्ट्रीय करार सांगत नाही. सेवा पुरवणारी एखादी कंपनी उद्या आपल्या यंत्रणेला दुसरी यादी दाखवू शकते आणि तसे करायला तिला काही ओळी बदलण्यापलीकडे कष्ट नाहीत. असे प्रयत्न झालेही आहेत. १९९७ साली युजीन काशपुरेफ या अमेरिकी गृहस्थाने अल्टरनिक नावाची समांतर नामव्यवस्था चालवली आणि अधिकृत नोंदणी-संस्थेकडे जाणारे लोक काही काळ आपल्याकडे वळवून दाखवले. तरीही जग एकाच यादीला चिकटून राहिले. सक्ती नाही, शिक्षा नाही, सेना नाही आणि तरी जवळजवळ सार्वत्रिक पालन आहे, अशा अधिकाराला काय म्हणावे हा राज्यशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

थॉमस हॉब्जच्या ‘लेव्हायथन’मधले, म्हणजे १६५१ सालचे उत्तर इथे लागू पडत नाही. हॉब्जच्या मते शस्त्राचा धाक नसेल तर करार हे नुसते शब्द उरतात. रूट झोनमागे शस्त्र नाही आणि तरी शब्द टिकले आहेत. डेव्हिड ह्यूमचे उत्तर जास्त जवळचे आहे. मानवी स्वभावावरच्या १७३९-४० मधल्या ग्रंथात त्याने एक नाव वल्हवणाऱ्या दोन माणसांचे उदाहरण दिले. दोघांनी एकमेकांना वचन दिलेले नसते. तरी दोघे तालात वल्हवतात, कारण दुसरा वल्हवतो आहे तोवर आपणही वल्हवण्यात दोघांचे हित आहे हे दोघांना ठाऊक असते. यालाच ह्यूम संकेत म्हणतो. मालमत्ता, भाषा आणि चलन त्याने याच पायावर उभे केले. रूट झोनचा अधिकार हा असाच संकेताचा अधिकार आहे. इतर सगळे तिथे पाहतात म्हणून प्रत्येक जण तिथे पाहतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की यादी एकच असावी लागते. एकच नाव दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या पत्त्यांकडे नेऊ लागले तर नावाचा उपयोगच संपतो. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने मे २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएफसी २८२६ या टिपणात हे तांत्रिक भाषेत मांडले आहे. मुळाचे एकपण ही कोणाची राजकीय आवड नसून नामव्यवस्थेच्या रचनेतच असलेली अट आहे, असे ते टिपण सांगते. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. संकेतावर उभा असलेला अधिकार एखाद्याविरुद्ध वापरला की त्याला संकेत मोडण्याचे कारण मिळते, आणि त्याच्याकडे पाहून इतरही सावध होतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या ग्रंथात सामायिक कुरणांचा, पाण्याचा, मासेमारीच्या जागांचा अभ्यास केला. तिथे धोका अतिवापराचा असतो. रूट झोन कितीही वापरले तरी झिजत नाही. ते झिजते अविश्वासाने.

हा नाजूकपणा एकदा उघड्यावर आला होता. इंटरनेटच्या पहिल्या दोन दशकांत नावे आणि क्रमांक यांचा हिशेब जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाकडे होता. ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत काम करत आणि त्या हिशेबाला आयाना असे नाव होते. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरांच्या चालकांना ईमेलने कळवले की यापुढे यादी अमेरिकी सरकारशी करार असलेल्या कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्यावी. चालकांनी ते ऐकले. यादीतले एक अक्षरही बदलले नाही आणि जगाला काही जाणवले नाही, पण जगाच्या नावांचे मूळ काही दिवस दोन ठिकाणी होते. व्हाइट हाउसचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केल्यावर पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगून सगळे पूर्ववत केले. पोस्टेल यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. लोक त्यांना मानत होते एवढेच त्यांचे बळ होते आणि ते आठ चालकांना पुरेसे वाटले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आयकॅन ही ना-नफा संस्था कॅलिफोर्नियात नोंदली गेली आणि १६ ऑक्टोबरला पोस्टेल यांचे निधन झाले. एका माणसावरचा विश्वास संस्थेकडे सोपवण्याचे काम तिथून सुरू झाले आणि ते अठरा वर्षे चालले. यादीतल्या प्रत्येक बदलावर अमेरिकी वाणिज्य खात्याची नजर असे. ते नाते १ ऑक्टोबर २०१६ रोजी करार संपल्यावर सुटले.

पोस्टेल यांनी मागे ठेवलेल्या लिखाणात मार्च १९९४ मधले आरएफसी १५९१ हे टिपण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे, जरी ते तसे वाचले जाण्यासाठी लिहिलेले नाही. एखाद्या देशाचे डोमेन सांभाळणारा त्याचा मालक नसतो, तो त्या देशातल्या आणि जगातल्या जाळ्याच्या वतीने नेमलेला विश्वस्त असतो, अशी त्याची भूमिका आहे. तिथे हक्काची आणि मालकीची भाषा गैरलागू ठरवून जबाबदारीची आणि सेवेची भाषा पुढे केली आहे. मराठी इतिहासाच्या परिभाषेत सांगायचे तर हे वतन नव्हे. वतनाला उत्पन्न असते, वारसा असतो, ते गहाण पडते आणि त्यावरून भाऊबंदकी होते. विश्वस्ताजवळ सत्ता असते, पण ती दुसऱ्यासाठी असते आणि तिच्यावर हेतूची मर्यादा असते. गांधीजींनी संपत्तीबद्दल मांडलेली विश्वस्तवृत्ती धनिकाच्या सद्बुद्धीवर विसंबून होती. इथली कल्पना तेवढी भोळी नाही. इथे विश्वस्ताने मर्यादा ओलांडली तर बाकीचे उठून जाऊ शकतात आणि हे त्यालाही माहीत आहे.

ही कल्पना न्यायालयातही तपासली गेली. इराणविरुद्ध अमेरिकी न्यायालयांत दहशतवादी हल्ल्यांच्या भरपाईचे निकाल मिळवलेल्या पीडितांनी वसुलीसाठी ‘डॉट आयआर’ हे इराणचे डोमेनच जप्त करून मागितले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २ ऑगस्ट २०१६ रोजी ही मागणी फेटाळली. डोमेन ही जप्तीयोग्य मालमत्ता आहे असे क्षणभर गृहीत धरले तरी जप्तीने त्रयस्थांचे, म्हणजे त्या डोमेनखाली नावे घेतलेल्यांचे आणि नामव्यवस्थेवर विसंबलेल्या सगळ्यांचे, भयंकर नुकसान होईल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. वादी खरोखरच अन्याय झालेली माणसे होती. त्यांची बाजू नैतिकदृष्ट्या दुबळी होती म्हणून ते हरले नाहीत, आणि म्हणूनच हा निकाल अवघड आहे.

त्याहून अवघड प्रसंग २०२२ साली आला. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर चढाई केली. चार दिवसांनी युक्रेनचे उपपंतप्रधान मिखाइलो फेडोरोव्ह यांनी आयकॅनला पत्र लिहिले. ‘डॉट आरयू’, रशियाचे सिरिलिक लिपीतले डोमेन आणि सोव्हिएत काळापासून उरलेले ‘डॉट एसयू’ रद्द करावे आणि रशियातले रूट सर्व्हर बंद करावेत, अशी त्यात मागणी होती. रशियाला दिलेले आयपी पत्ते काढून घ्यावेत असे राइप एनसीसीलाही सांगितले गेले. दोन्ही संस्थांनी नकार दिला. आयकॅनचे प्रमुख योरान मार्बी यांनी २ मार्चच्या उत्तरात म्हटले की संस्था जाळे चालू राहावे म्हणून आहे, समन्वयाचे काम जाळे थांबवण्यासाठी वापरण्याचा तिला अधिकार नाही.

या नकाराच्या बाजूने दोन जातींचे युक्तिवाद होतात आणि ते एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो. एक परिणामांचा आहे. यादीतून नोंद गेली तरी नावे लगेच नाहीशी होत नाहीत. देशांच्या नोंदी सर्व्हरांमध्ये साधारण दोन दिवस साठवून ठेवल्या जातात, म्हणून ती हळूहळू विझत गेली असती. त्यांच्याबरोबर रशियातली रुग्णालये, विद्यापीठे, युद्धाला विरोध करणारी माणसे आणि त्यांचा बाहेरच्या जगाशी चाललेला पत्रव्यवहारही विझला असता. सरकारचे फारसे बिघडले नसते. १ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कायद्याने रशियाने स्वतःची राष्ट्रीय नामव्यवस्था उभारण्याची तरतूद आधीच केली होती. मॉस्कोच्या राज्यकर्त्यांना हवी असलेली भिंत त्यांच्या शत्रूंनीच बांधून दिली असती. हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण तो हिशेबावर उभा आहे. उद्या एखाद्या युद्धात हिशेब उलट निघाला, डोमेन खुडल्याने रक्तपात थांबेल असे दिसले, तर हा युक्तिवाद बाजू बदलेल.

दुसरा युक्तिवाद भूमिकेचा आहे. यादी सांभाळणाऱ्याला देशांचा न्याय करायला कोणी बसवलेले नाही. तसे अधिकारपत्र कोणत्याही जनतेने, संसदेने किंवा सुरक्षा परिषदेने त्याला दिलेले नाही. त्याने आज योग्य न्याय केला तरी तो न केलेल्या नेमणुकीचा न्याय असेल आणि उद्याच्या प्रत्येक युद्धात तोच दरवाजा ठोठावला जाईल. परिणामांचे गणित कसेही बदलले तरी हा युक्तिवाद टिकतो, म्हणून तोच खरा पाया मानायला हवा.

मात्र त्याच्यावरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. आपले काम तेवढेच, असे म्हणून किती अन्याय पार पडले याची गणती नाही. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचे उदाहरण नेहमी दिले जाते. ज्यू लोकांच्या कत्तलीची माहिती हाती असताना १४ ऑक्टोबर १९४२ च्या बैठकीत समितीने जाहीर आवाहन न करण्याचे ठरवले, आणि पुढे आपले ते अपयश तिने स्वतः मान्य केले. महाभारत हा आक्षेप आणखी धारदार करते. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न अधिकाराचाच होता. स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. त्या तटस्थतेला परंपरेने कधी क्षमा केलेली नाही. त्याच महाभारतात बलरामही तटस्थ आहे. तो दोन्ही पक्षांना नकार देऊन तीर्थयात्रेला निघून जातो, आणि त्याच्यावर तेवढा रोष दिसत नाही.

फरक पदाचा आहे. भीष्म त्या सभेचे ज्येष्ठ होते, न्याय सांगणे हे त्यांचेच काम होते आणि प्रश्न त्यांना विचारला गेला होता. त्यांचे मौन ही कर्तव्यच्युती होती. बलरामाजवळ निवाड्याचे आसन नव्हते. त्याने आपले बळ नाकारले, निर्णय नव्हे. रेड क्रॉसने १९४२ साली आवरून धरला तो शब्द होता. युक्रेनने आयकॅनकडे मागितले ते शस्त्र होते. शब्द रोखणे आणि शस्त्र रोखणे यांना एकाच तटस्थतेची नावे मानले तर विचार घसरतो. कामात तटस्थ राहणाऱ्याने मनाने किंवा मदतीने अलिप्त राहावे असेही नाही. नकारानंतर काही दिवसांतच आयकॅनने युक्रेनमधला इंटरनेट-संपर्क टिकवण्यासाठी दहा लाख डॉलर मंजूर केले. ‘डॉट यूए’ हे युक्रेनचे पदही त्याच यादीत आहे आणि युद्धकाळात ते तिथेच राहिले, ही गोष्ट या वादात फारशी कोणी उच्चारत नाही.

विश्वस्ताने आपल्या हातांना स्वतः बांधून घ्यावे ही अपेक्षा यंत्रणेतही उतरली आहे. १५ जुलै २०१० पासून रूट झोनवर गूढलेखनाची सही असते आणि सहीची मूळ किल्ली अमेरिकेतल्या एल सेगुंडो आणि कल्पेपर या दोन ठिकाणी तिजोऱ्यांत ठेवलेली आहे. वर्षातून साधारण चार वेळा तिचा विधी होतो. विधी हाच शब्द योग्य, कारण त्याची पोथी आधी प्रसिद्ध होते, प्रत्येक पायरी मोठ्याने वाचली जाते, पोथीबाहेर काही घडले तर त्याची नोंद होते आणि सगळे थेट प्रक्षेपित केले जाते. जगभरातून निवडलेल्या आणि आयकॅनचे नोकर नसलेल्या सात जणांपैकी किमान तिघे हजर असल्याशिवाय किल्ली चालत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एक तिजोरी उघडेना म्हणून विधी पुढे ढकलावा लागला आणि शेवटी कुलूप फोडावे लागले. धर्मविधींच्या अभ्यासकांना इथे ओळखीचे बरेच सापडेल. फरक एवढा की इथला विधी श्रद्धा मागत नाही, उलट पाहणाऱ्याने शंका घ्यावी यासाठीच तो रचला आहे.

ही संयमाची अपेक्षा राज्यांवरही लागू करण्याचा प्रयत्न गेल्या दशकात झाला. डेनिस ब्रोडर्स या डच अभ्यासकाने २०१५ साली इंटरनेटच्या सार्वजनिक गाभ्याची कल्पना मांडली. नावे, क्रमांक, मार्गनिश्चिती आणि मूळ संकेतप्रणाली ही जगाची सामायिक मालमत्ता समजून राज्यांनी तिच्यावर हात टाकू नये, असे तिचे सूत्र आहे. सायबर-अवकाशाच्या स्थैर्यासाठी नेमलेल्या जागतिक आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी दिल्लीत या गाभ्याच्या रक्षणाचे आवाहन केले. आयोगाच्या सहअध्यक्षांत पुढे भारताच्या माजी राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार लता रेड्डी होत्या आणि अंतिम अहवाल २०१९ साली आला. ह्युगो ग्रोशियसने १६०९ साली समुद्र कोणाच्याच मालकीचा नाही असे लिहिले त्याची आठवण इथे होते. पण ग्रोशियस पोर्तुगिजांच्या मक्तेदारीविरुद्ध डच व्यापाऱ्यांची बाजू मांडत होता, हेही विसरू नये. सार्वजनिक गाभ्याची भाषा बोलणाऱ्यांतही आपापल्या गरजा असलेली राज्ये आहेत.

गाभा किती नाजूक आहे ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब रोखण्यासाठी चुकीच्या मार्गाची घोषणा केली. ती देशाबाहेर पसरली आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास दिसेनासे झाले. मार्गांची व्यवस्थाही शेजाऱ्याच्या शब्दावर चालते.

स्थैर्य म्हणजे न्याय नव्हे, हे मात्र मान्य करावे लागते. जानेवारी २०११ च्या अखेरीस इजिप्तने जवळजवळ सगळे इंटरनेट तोडले. ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये महिनोन्‌महिने संपर्क बंद किंवा तुटपुंजा होता. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात बेमुदत बंदी बेकायदा ठरवली. या सगळ्या काळात रूट झोन निर्दोष चालू होते. मुळाला धक्का न लावता फांद्या छाटता येतात. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ज्या लोकसंग्रहावर भर दिला त्याच्यावरही हाच आक्षेप येतो. जगाची घडी विस्कटू न देणे हे कर्तव्य असेल तर आहे ती घडी अन्यायाची असतानाही ती राखावी काय? रूट झोनच्या बाबतीत उत्तर थोडे सोपे आहे, कारण राखायची घडी फार लहान आहे. नावे एकच असावीत आणि सर्वांना सारखी सापडावीत, एवढीच ती आहे. अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यालाही तिचीच गरज पडते. तिला याहून मोठे करून एकूण इंटरनेटच्या चालू व्यवस्थेचे समर्थन म्हणून वापरले की ते समर्थन फसवे होते.

शेवटचा प्रश्न या तटस्थतेच्या आतला आहे. कोणता प्रदेश देश मानायचा हे ठरवणे आपले काम नाही, असे आरएफसी १५९१ सांगते आणि तो भार आयएसओ ३१६६ या देशसंकेतांच्या यादीवर टाकते. ती यादी प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींवर चालते. म्हणजे राजकीय निवाडा टळलेला नाही. तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकला आहे. युगोस्लाव्हिया राहिला नाही म्हणून ‘डॉट वाययू’ २०१० साली यादीतून गेले. पॅलेस्टाइनला संकेत मिळाला म्हणून ‘डॉट पीएस’ २००० साली यादीत आले, तेव्हा त्याला संयुक्त राष्ट्रांत पूर्ण सदस्यत्व नव्हते, आजही नाही. तैवानचे ‘डॉट टीडब्ल्यू’ विनाअडथळा चालते, पण ज्या यादीतून ते आले तिथे त्याचे वर्णन चीनचा प्रांत असे आहे. कोसोव्होने २००८ साली स्वातंत्र्य जाहीर केले. अमेरिकेने आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी ते मानले, रशियाने, चीनने आणि भारताने मानले नाही. त्याला अधिकृत संकेत नाही, म्हणून त्याच्या नावाचे डोमेनही रूट झोनमध्ये नाही.